सेंटिनल: एका जागल्याच्या अनेक नेमणुका

ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये एक ओळ असते: 'सेंटिनल नोड ०/२'. पुराच्या बातमीतल्या नकाशाखाली 'सेंटिनल-१ उपग्रहाने टिपलेलं चित्र' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. फ्लूची साथ आली की 'सेंटिनल केंद्रांवर रुग्ण वाढले' हे वाक्य वाचायला मिळतं. ही एखादी कंपनी आहे, यंत्र आहे की तपासणी, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो आणि रिपोर्ट हातात असलेल्याची तर झोप उडते. सेंटिनल हे मुळात एका कामाचं नाव आहे. ते काम एकदा समजलं की पुढची ओळ वाचणं सोपं जातं, आणि त्या ओळीवर कितपत भरवसा ठेवायचा हेही कळतं.

राखणदार वेगळा, जागल्या वेगळा

हा शब्द इटालियन 'सेंतिनेल्ला'वरून फ्रेंचमार्गे १६व्या शतकात इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी 'जाणवणे' या अर्थाचं 'सेंतिरे' हे लॅटिन क्रियापद असावं असं सहसा मानलं जातं. रक्षण करणाऱ्यांसाठी इंग्रजीत शब्दांना तोटा नाही. गार्डियन सांभाळ करतो, कस्टोडियन ठेव जपतो, वॉर्डन शिस्त राखतो, गार्ड वाट अडवतो. सेंटिनलचं काम यांच्यापेक्षा लहान पण फार नेमकं आहे. ठरलेल्या जागी उभं राहायचं, जागं राहायचं आणि धोका दिसताक्षणी इतरांना उठवायचं. लढायचं ते मागच्या फौजेनं. मराठीत याला सगळ्यांत जवळचा शब्द 'जागल्या'.

जागल्याला कुठे उभं करायचं हे सर्वांत महत्त्वाचं. शत्रू ज्या वाटेनं पहिल्यांदा येणार, ती वाट सोडून भलत्याच बुरुजावर चौकी बसवली तर कितीही जागा माणूस कुचकामी. त्यानंतर प्रश्न येतो तो त्याला नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही याचा. आणि त्याची हाक ऐकून उठणारं कोणी नसेल तर हाकेला अर्थ राहत नाही. जागा, नजर आणि ऐकणारा या तीन गोष्टी सेंटिनलच्या प्रत्येक वापरात तपासता येतात.

निसर्गातही ही नेमणूक दिसते. सातभाईंचा थवा जमिनीवर पाला उलटत किडे शोधत असतो तेव्हा त्यातला एखादा वर फांदीवर बसून आकाश न्याहाळतो. कलहारीतल्या मीरकॅटांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्याचं पोट भरलेलं असतं तोच पहाऱ्याला उभा राहतो. भुकेल्या जागल्याचं लक्ष विचलित होणारच.

शरीरातली पहिली चौकी

रिपोर्टमधल्या सेंटिनल नोडपासून सुरुवात करू, कारण तिथे गैरसमज सगळ्यांत महाग पडतो.

रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपलेलं जास्तीचं द्रव गोळा करून पुन्हा रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं अंगभर असतं. त्या द्रवाला लसिका म्हणतात. वाटेत जागोजागी घेवड्याच्या दाण्यासारख्या गाठी असतात, त्यांना डॉक्टर लिंफ नोड म्हणतात. लसिका त्यांतून गाळून पुढे जाते. एकट्या काखेत अशा साधारण २० ते ३० गाठी असतात. स्तनातल्या कर्करोगाच्या पेशी सुटून निघाल्या तर बहुतेक वेळा या नळ्यांतून काखेकडे जातात. काखेत शिरताना ज्या एक-दोन गाठी त्यांना सर्वांत आधी लागतात, त्या सेंटिनल. पेशी तिथे पोचलेल्या नसतील, तर पुढच्या गाठींत त्या असण्याची शक्यता फार कमी उरते. सगळा तर्क एवढाच आहे.

'सेंटिनल नोड' हे नाव १९६० मध्ये गूल्ड या शल्यचिकित्सकानं कानाजवळच्या लाळग्रंथीच्या कर्करोगासंदर्भात वापरलं. पण ही गाठ खात्रीनं शोधायची कशी हे सुटायला बराच काळ गेला. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात निळा रंग टोचून ती शोधण्याची रीत मांडली. पुढच्या दोन वर्षांत स्तनाच्या कर्करोगातही ही रीत आली.

आज ती साधारण अशी चालते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी स्तनाग्राभोवती किंवा कर्करोगाच्या गाठीजवळ टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी पदार्थाची अत्यल्प मात्रा टोचतात. याचं अर्धायुष्य ६ तासांचं, म्हणजे दर ६ तासांनी उरलेला किरणोत्सर्ग निम्मा होतो, त्यामुळे एक-दोन दिवसांत तो जवळजवळ संपतो. भूल दिल्यावर निळा रंग टोचतात आणि तो नळ्यांत उतरावा म्हणून काही मिनिटं हलकं चोळतात. मग काखेत छोटा छेद घेऊन सर्जन पेनासारखं दिसणारं एक यंत्र फिरवतो. गाठ जवळ आली की ते आवाज करतं आणि पडद्यावर आकडा वाढतो. निळी झालेली किंवा आवाज करणारी गाठ काढली जाते. समजा सर्वांत 'गरम', म्हणजे सर्वांत जास्त किरणोत्सर्ग दाखवणाऱ्या गाठीचा आकडा २,००० आला, तर २०० पेक्षा जास्त आकडा दाखवणाऱ्या गाठीही काढायच्या, असा १० टक्क्यांचा नियम बरेच सर्जन पाळतात. बहुधा दोन-तीन गाठी निघतात. काही ठिकाणी निळ्या रंगाऐवजी इंडोसायनिन ग्रीन वापरतात. अवरक्त प्रकाशाच्या कॅमेऱ्यात ते चमकतं, त्यामुळे नळीची वाट पडद्यावर दिसत जाते.

नातेवाइकांना आधी सांगून ठेवावं असं एक: निळ्या रंगानंतर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते, टोचलेल्या जागेची त्वचाही काही काळ निळी राहू शकते. ऑपरेशन चालू असताना बोटाला लावलेलं ऑक्सिमीटरही फसतं. ते रक्ताच्या रंगावरून प्राणवायू मोजतं आणि निळ्या रंगामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतं. भूलतज्ज्ञांना हे ठाऊक असतं. फार थोड्यांना या रंगाची ॲलर्जी येते, आणि मिथिलीन ब्लू हा रंग नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर चालत नाही, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आधीच द्यावी.

आता ती ओळ वाचू. '०/२' म्हणजे दोन गाठी काढल्या, एकीतही कर्करोग नाही. '१/३' म्हणजे तीनपैकी एकीत सापडला. पुढे मिलिमीटरचा आकडा असतो, तोही पाहावा. २ मिमीपेक्षा मोठा साठा असेल तर त्याला मॅक्रो म्हणतात, ०.२ ते २ मिमी असेल तर मायक्रो, आणि त्याहून लहान असतील तर नुसत्या सुट्या पेशी धरतात. उपचार ठरवताना या तिन्हींचं वजन सारखं नसतं.

मग सगळ्याच गाठी काढून का टाकत नाहीत?

हा प्रश्न घरचे लोक हमखास विचारतात, आणि त्यामागची काळजी खरी असते. पूर्वी तसंच करत. पण काखेतल्या गाठी काढल्या की हातातली लसिका परत नेणारी वाटच तुटते आणि हात सुजतो. ही सूज कधी कधी जन्मभर राहते. उपलब्ध अभ्यासांची एकत्र बेरीज केली तर सगळ्या गाठी काढलेल्या १०० स्त्रियांपैकी साधारण २० जणींना ही सूज येते. फक्त सेंटिनल गाठी काढल्या तर ५ ते ६ जणींना. म्हणजे जागल्यानं 'पुढे कोणी नाही' असं सांगितल्यावरही फौज पाठवली, तर नुकसान आपलंच.

सेंटिनल गाठीत कर्करोग सापडला तरी आता दर वेळी पूर्ण काख साफ करत नाहीत. झेड-००११ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी चाचणीत स्तनात ५ सेंमीपर्यंतची गाठ, स्तन वाचवून केलेलं ऑपरेशन, पुढे रेडिएशन आणि एक किंवा दोनच सेंटिनल गाठींत कर्करोग अशा स्त्रिया होत्या. त्यांत बाकीच्या गाठी न काढल्यानं आयुर्मानात तोटा झाला नाही, १० वर्षांनी पाहिलं तरीही. स्तनातली गाठ २ सेंमीपर्यंतची आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल तर सेंटिनल तपासणीही टाळता येते का, याचा शोध साउंड चाचणीनं घेतला. २०२३ मध्ये आलेला तिचा निष्कर्ष टाळण्याच्या बाजूचा होता. अर्थात या सवलती त्या त्या अटींपुरत्या आहेत. आपण त्या अटींत बसतो का, हे डॉक्टरांना थेट विचारावं.

जागल्या चुकतो तेव्हा

निगेटिव्ह रिपोर्ट शंभर टक्के खात्री देत नाही. एका मोठ्या चाचणीत ज्यांच्या काखेत प्रत्यक्षात कर्करोग होता, अशा १०० पैकी जवळपास १० जणींची सेंटिनल गाठ स्वच्छ निघाली होती. याचं एक कारण फार बोलकं आहे. पहिली गाठ कर्करोगानं पूर्ण भरून गेली की लसिका तिच्यात शिरतच नाही, वळसा घालून दुसरीकडे जाते. रंगही तिच्याबरोबर जातो. मग निळी होते ती शेजारची निरोगी गाठ, आणि चौकी पडली आहे तिचा पत्ताच लागत नाही. म्हणून चांगला सर्जन रंग आणि आकडा पाहिल्यावर बोटानं काख चाचपतो आणि टणक लागलेली गाठ निळी नसली तरी काढतो. केमोथेरपी आधी झालेली असेल तर नळ्यांच्या वाटा बदललेल्या असू शकतात, म्हणून तेव्हा रंग आणि किरणोत्सारी पदार्थ दोन्ही वापरून किमान तीन गाठी मिळवण्याचा प्रयत्न असतो.

खाणीतला पक्षी, खुराड्यातली कोंबडी

प्राण्यांनाही सेंटिनल नेमतात. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅनरी पक्ष्याचं. खाणीतल्या स्फोटानंतर हवेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट पकडतो. १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं खाणीत लहान उष्णरक्ताचा प्राणी न्यावा असं सुचवलं. लहान जिवाचा श्वास जलद, चयापचय जलद, त्यामुळे विष माणसाआधी त्याला लागतं. पक्ष्यांच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात आणि श्वास आत घेताना व सोडताना दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसांतून जाते. कॅनरी दांडीवरून खाली पडला की खाणकामगारांना बाहेर पडायला थोडी मिनिटं मिळत. काही पिंजऱ्यांना प्राणवायूची लहान नळी जोडलेली असे, पक्षी शुद्धीवर यावा म्हणून. ब्रिटनमधल्या खाणींत हे पक्षी काढून इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचा निर्णय १९८६ मध्ये झाला.

पण याच कॅनरीला मिथेन कळत नसे. मिथेन विषारी नाही. हवेत साधारण ५ ते १५ टक्के झाला की त्याचा स्फोट होऊ शकतो, आणि तोवर पक्षी मजेत बसलेला असतो. मिथेनसाठी जाळीच्या दिव्याची ज्योत पाहावी लागे. एका धोक्याचा जागल्या दुसऱ्या धोक्यासाठी आंधळा असू शकतो, हे लक्षात न ठेवता त्याच्यावर विसंबणं जिवावर बेततं.

डासांतून पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूसाठी कोंबड्या नेमतात. त्यांना उघड्या पिंजऱ्यात ठरलेल्या जागी ठेवतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी थोडं रक्त घेऊन प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तपासतात. कालपर्यंत नसलेली प्रतिपिंडं आज सापडली, तर त्या भागातले डास विषाणू घेऊन फिरत आहेत हे नक्की. कोंबडीच का? कारण विषाणू टोचला गेला तरी ती सहसा आजारी पडत नाही, आणि तिच्या रक्तात तो इतका वाढत नाही की तिला चावलेला डास पुढे रोग पसरवेल. जपानी मेंदूज्वरासाठी डुकरं पाहिली तर गणित उलटं होतं. डुकराच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो, म्हणून खूण लवकर मिळते, पण तेच डुक्कर डासांना विषाणूचा पुरवठाही करतं. वस्तीजवळ असा जागल्या बांधणं म्हणजे शत्रूला शिधा देणं.

सगळे सेंटिनल माणसानं नेमलेले नसतात. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचे रुग्ण अधिकृतपणे नोंदले गेले. त्याआधीच तिथल्या मांजरांना झटके येत होते, ती वेडीवाकडी नाचल्यासारखी करून मरत होती. मांजरं त्याच उपसागरातले मासे खात होती. हाक आली होती, ऐकणारी यंत्रणा नव्हती.

साथीची चौकी: आकडा कसा वाचावा

फ्लूचा प्रत्येक रुग्ण मोजणं कोणत्याही देशाला जमत नाही. बहुतेक लोक घरीच बरे होतात. म्हणून काही निवडक दवाखाने आणि रुग्णालयं ठरवतात आणि तिथे मात्र काटेकोर नोंद ठेवतात. यालाच सेंटिनल सर्वेक्षण म्हणतात. व्याख्या पक्की असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त मोजलेला ताप, खोकला आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला असेल तर तो फ्लूसदृश आजार. दाखल करावं लागलं तर तो तीव्र श्वसनविकार. यांतल्या ठरावीक रुग्णांच्या घशा-नाकातले नमुने तपासायला जातात.

इथे वाचकाची नेहमीची चूक होते ती आकड्याची. सेंटिनल केंद्रांवर ५० रुग्ण आढळले म्हणजे भागात ५० रुग्ण आहेत असं होत नाही. चौकीवर दिसलेल्या धुळीवरून फौजेची संख्या मोजता येत नाही, फौज जवळ येते आहे की लांब जाते आहे हे मात्र कळतं. म्हणून एकटा आकडा न बघता कल बघायचा, आणि तोही टक्केवारीत. एका आठवड्यात ४० नमुन्यांत १० पॉझिटिव्ह आले तर प्रमाण २५ टक्के. पुढच्या आठवड्यात ८० नमुन्यांत पुन्हा १० आले तर ते १२.५ टक्के. बातमीत दोन्ही वेळा 'दहा रुग्ण' असंच येईल, प्रत्यक्षात साथ ओसरते आहे.

काही निवडक जागाच का, सगळीकडे का नाही, असं कोणी म्हणेल. दोनशे ठिकाणांहून अर्धवट, उशिरा आणि वेगवेगळ्या व्याख्यांनी भरलेली माहिती येण्यापेक्षा वीस ठिकाणांहून दर आठवड्याला एकाच पद्धतीनं येणारी माहिती साथ लवकर पकडते. तोटा असा की जिथे केंद्र नाही त्या भागातली सुरुवात निसटू शकते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांनाच केंद्र केलं तर पाड्या-वस्त्यांवरचा ताप तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

आकाशातली चौकी

युरोपीय संघाच्या कोपर्निकस या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमातल्या उपग्रहांचं घराण्याचं नावच सेंटिनल आहे. नंबर वेगळा म्हणजे डोळा वेगळा. सेंटिनल-१ रडार लावून बघतो, सेंटिनल-२ रंगीत कॅमेऱ्यानं, सेंटिनल-३ मुख्यतः समुद्र आणि तापमान, सेंटिनल-५पी हवेतले वायू, सेंटिनल-६ समुद्राची पातळी. यांची माहिती कोणालाही फुकट उतरवून घेता येते, म्हणूनच बातम्यांत हे नाव इतकं दिसतं.

पुराच्या वेळी सेंटिनल-१ का, याचं कारण ढग. पूर येतो तेव्हा आकाश भरलेलं असतं आणि साध्या कॅमेऱ्याला खालचं काही दिसत नाही. सेंटिनल-१ सुमारे ७०० किमी उंचीवरून ५.६ सेंमी लांबीच्या रेडिओलहरी तिरक्या सोडतो. त्या ढगांतून, अंधारातून आरपार जातात. खडबडीत जमीन, पिकं, झाडं त्या लहरी सगळीकडे उधळतात, काही परत येतात, ती जागा चित्रात उजळ दिसते. संथ पाणी आरशासारखं असतं, लहरी पलीकडे परावर्तित होऊन निघून जातात, म्हणून पाणी काळं दिसतं. पुरापूर्वीचं आणि पुरानंतरचं अशी एकाच कक्षेतली दोन चित्रं एकावर एक ठेवायची. जे आधी उजळ होतं आणि आता काळं झालं, तिथे पाणी शिरलं.

फसगतीही याच तत्त्वातून येतात. वाऱ्यानं पाण्यावर लाटा उठल्या की पाणी उजळ दिसतं आणि नकाशात पूर कमी भासतो. गुळगुळीत धावपट्टी किंवा कोरडी वाळू काळी दिसते, ती पाणी समजली जाते. दाट वस्तीत तर लहर आधी पाण्यावर आणि मग भिंतीवर आपटून सरळ परत येते, त्यामुळे बुडालेली गल्ली उलट जास्त चमकते. शहराच्या पुराचा रडार नकाशा म्हणूनच जपून वाचावा.

एकाच जागेची वेगवेगळ्या दिवशी घेतलेली रडारचित्रं जुळवून जमीन किती खचली हेही मोजता येतं. अशा चित्रात इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात. एक पूर्ण पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेनं २.८ सेंमीचा फरक, लहरीच्या लांबीच्या निम्मा, कारण लहर जाऊन परत येते.

पिकांच्या बातमीत असतो तो सेंटिनल-२. तो १३ वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत बघतो, त्यांतले काही डोळ्याला न दिसणारे. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करून त्याला दोन्हींच्या बेरजेनं भागलं की हिरवाईचा निर्देशांक मिळतो. अवरक्त ०.४५ आणि लाल ०.०५ असेल तर ०.४० भागिले ०.५०, म्हणजे ०.८, पीक जोमात. अवरक्त ०.२५ आणि लाल ०.२० असेल तर ०.०५ भागिले ०.४५, म्हणजे सुमारे ०.११, जमीन जवळपास उघडी. मात्र निर्देशांक पडला एवढंच उपग्रह सांगतो. पाणी कमी पडलं, कीड लागली की कापणी झाली, हे बांधावर जाऊनच बघावं लागतं.

हे उपग्रह आपल्यावर नजर ठेवतात का, ही शंका बरेच जण बोलून दाखवतात. सेंटिनल-२ च्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटरचा. त्यात माणूस तर सोडाच, गाडीही ओळखू येत नाही. शिवाय थेट प्रक्षेपण नसतं. दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावरच्या एका जागी साधारण ५ दिवसांनी परततात.

संगणकातला शेवटचा दगड

प्रोग्रॅम लिहिणारे 'सेंटिनल व्हॅल्यू' म्हणतात ती म्हणजे यादीच्या टोकाला ठेवलेला खुणेचा दगड, 'इथे संपलं' किंवा 'इथे माहिती नाही' असं सांगणारा. वयांची यादी वाचताना -१ दिसलं की थांब, कारण कोणाचंही वय उणे एक नसतं. सी भाषेत प्रत्येक मजकुराच्या शेवटी एक शून्य ठेवतात. ते ठेवायला विसरलं की प्रोग्रॅम थांबत नाही, पुढच्या स्मृतीत जे काही असेल ते वाचत सुटतो, आणि यातून गुप्त माहिती फुटू शकते.

या दगडालाच खरी माहिती समजलं की घोळ होतो. हवामान केंद्राचा थर्मामीटर एक दिवस बंद होता, त्या जागी -९९९ लिहिलं. नोंदी अशा: ३१, ३३, -९९९, ३२. सरळ सरासरी काढली तर उत्तर येतं उणे २२५.७५ अंश. हा आकडा उघड चुकीचा असल्यामुळे पकडला तरी जातो. खुणेसाठी ० वापरलं असतं तर सरासरी २४ आली असती आणि कोणाला संशयही आला नसता. खरं उत्तर ३२. म्हणून खूण अशी निवडायची की ती खरी असणं अशक्य असेल, आणि ती कोणती हे माहितीबरोबर लिहून ठेवायचं. नकाशांत हीच चूक फार दिसते. पत्ता सापडला नाही की अक्षांश ०, रेखांश ० भरला जातो, आणि आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात हजारो घरं, दुकानं उगवतात. या न असलेल्या बेटाला नकाशे करणारे 'नल आयलंड' म्हणतात.

उरलेल्या नेमणुका

रुग्णालयांत 'सेंटिनल इव्हेंट' म्हणजे आजारामुळे नव्हे तर उपचाराच्या व्यवस्थेतून घडलेला मृत्यू किंवा गंभीर इजा. उदाहरणार्थ, उजव्याऐवजी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन. अशी एकच घटना व्यवस्थेत भेग असल्याचा इशारा मानली जाते. अमेरिकेतली जॉइंट कमिशन ही मानांकन संस्था ४५ कामकाजाच्या दिवसांत मूळ कारणाचा शोध अपेक्षित धरते. कोणाला काढलं एवढं सांगून तो पूर्ण होत नाही. खूण कोणी केली, कोणत्या टप्प्यावर तपासली गेली नाही, हे लिहावं लागतं.

अंदमानातलं नॉर्थ सेंटिनल बेट आणि अमेरिकेचं सेंटिनल क्षेपणास्त्र यांच्याशी वरच्या कशाचाही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. बेटावरचे लोक स्वतःला काय म्हणतात हे बाहेरच्यांना माहीत नाही. 'सेंटिनली' हे आपण दिलेलं नाव.

शांतता असेल तर काय समजायचं?

पहाऱ्याची सगळ्यांत नाजूक जागा ही आहे. चौकीवरून आवाज आला नाही, याचे दोन अर्थ होतात: धोका नाही, किंवा जागल्या झोपला. जुन्या छावण्यांत पहारेकरी ठरावीक वेळानं 'ऑल्स वेल' अशी आरोळी देत. आपल्याकडे त्याचं 'आलबेल' झालं. धोका नसतानाही आवाज द्यायचा, कारण आरोळी थांबली हीच मोठी खबर.

साथीच्या सर्वेक्षणात याला शून्य अहवाल म्हणतात. आठवड्यात एकही रुग्ण आला नाही तरी केंद्रानं '०' लिहून पाठवायचं. कोरा रकाना आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण बेरीज करताना दोन्ही सारखेच दिसतात. परिचारिका रजेवर गेली, चाचणीचे संच संपले, आणि नकाशावर तो भाग निरोगी दिसू लागला, असं होऊ शकतं. सेंटिनल-१बी हा उपग्रह २३ डिसेंबर २०२१ रोजी वीजपुरवठ्यातल्या बिघाडानं बंद पडला. त्याची जागा घ्यायला सेंटिनल-१सी ५ डिसेंबर २०२४ रोजी उडाला. मधल्या काळात अनेक भागांवरची रडारची फेरी ६ दिवसांऐवजी १२ दिवसांवर गेली. त्या काळातल्या नकाशात पूर दिसत नसेल, तर पूर आला नव्हता की त्या आठवड्यात कोणी बघितलंच नव्हतं, हे आधी चित्रांच्या तारखा पाहून ठरवावं लागतं.

संगणकांच्या जगात रेडिस नावाच्या माहितीसाठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव सेंटिनलच आहे. तो मुख्य संगणकाला दर सेकंदाला 'आहेस का?' असं विचारतो. मुळातल्या मांडणीनुसार ३० सेकंद उत्तर आलं नाही तर तो स्वतःपुरतं 'हा पडला' असं नोंदवतो, पण लगेच बोंब मारत नाही. कदाचित मुख्य संगणक ठीक असेल आणि मधली तार तुटली असेल. तो इतर सेंटिनलना विचारतो. ठरलेल्या संख्येनं होकार दिला की मगच तो पडल्याचं सर्वांच्या वतीनं मान्य होतं, आणि बहुमत मिळालेला सेंटिनल राखीव संगणकाला पुढे करतो. म्हणून असे जागल्ये किमान तीन ठेवायला सांगतात, तेही वेगवेगळ्या यंत्रांवर. दोनच ठेवले आणि त्यातला एक मुख्य संगणकाबरोबरच बंद पडला, तर उरलेल्या एकट्याला बहुमत कधीच मिळत नाही, आणि सगळं डोळ्यांसमोर कोसळत असताना तो काहीही करू शकत नाही.